मागच्या वेळी आपण

आपण

"मागच्या वेळी आपण इथेच चहा घेतला होता," हेरंब म्हणाला आणि थर्मासचं झाकण फिरवायला लागला.

मी त्या जागी आयुष्यात पहिल्यांदा उभी होते.

ओकच्या बुटक्या, वाकड्या झाडांचं रान होतं. बुंध्यांवर, दगडांवर, सगळीकडे जाड हिरवं शेवाळ. बाजूने एक व्हाळ खळखळत उतरत होता आणि पलीकडे आमच्या कोकणात असतो तसा, नुसते दगड रचून केलेला गडगा डोंगरावर चढत गेला होता. वेल्सच्या पश्चिमेकडचे हे डोंगर. ऱ्हिनोग त्यांचं नाव. त्यातला 'ऱ्ह' हेरंबला जमायचा, मला नाही. मे महिन्यातला शनिवार, सकाळचे साडेदहा.

त्याने झाकणात चहा ओतला, मला दिला आणि स्वतः थर्मासलाच तोंड लावलं. काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"कधी?" मी विचारलं.

"काय कधी?"

"मागच्या वेळी म्हणजे कधी?"

"फेब्रुवारीत आलो होतो ना मी. सांगितलं होतं तुला. वर बर्फ होता."

"मी."

"हं?"

"काही नाही. चहा छान झालाय."

आता तो 'मी' म्हणाला होता. मगाशी नाही.

आम्ही

मी रत्नागिरीला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. तेव्हाही तिथेच होते, फक्त बिनपगारी रजेवर.

इंग्रजीत एकच 'वी' आहे, त्यात माणूस कुठेही लपतो. मराठीत दोन आहेत. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी माणसं, ऐकणारा त्यात नाही. 'आपण' म्हणजे ऐकणाराही आत. हे कोणाला शिकवावं लागत नाही. "आम्ही मामाकडे जाणार, तुम्ही नाही" असं वेडावून दाखवणारं तीन वर्षांचं पोरसुद्धा इथे कधी चुकत नाही.

हेरंब त्या रानात ऑफिसातल्या एखाद्या गोऱ्याबरोबर आला असता तर मला "आम्ही इथे चहा घेतला होता" म्हणाला असता. एकटा आला असता तर "मी". तो "आपण" म्हणाला. म्हणजे ज्या बाईला उद्देशून ते वाक्य तोंडातून निघालं, ती बाई त्या चहाला हजर होती. आणि तिच्याशी तो मराठीत बोलत होता. वाक्य तिचं होतं, फक्त समोर मी होते.

बाईच, हे मी लगेच धरलं. एखादा मराठी पुरुषही असू शकला असता. ते मला आत्ता, सोळा वर्षांनी सुचतंय.

आमचं लग्न २००५च्या डिसेंबरातलं. २००६च्या फेब्रुवारीत हेरंब वेल्समधल्या रेक्समला गेला, तिथल्या एका कारखान्यात डिझाइनच्या कामावर. मला कॉलेजात कायम व्हायला वेळ होता, म्हणून मी मागे राहिले. अडीच वर्षं. कायम झाले, रजा मिळवली आणि २००८च्या ऑगस्टमध्ये वेल्सला आले. रजा जूनपर्यंत. पंधरा जूनला कॉलेज उघडणार, तेव्हा वर्गावर हजर व्हायचं किंवा राजीनामा द्यायचा.

राजीनामा टाइप करून आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलेला होता. हेरंबनेच केला होता. सही माझी बाकी होती. सोमवारी पोस्टात टाकला तरच वेळेत पोचणार होता.

"ठरलंय ना आपलं," तो म्हणायचा.

कधी ठरलं ते मला आठवत नव्हतं. त्याच्या आईने ठरवलं असेल, माझ्या बाबांनी ठरवलं असेल, आपल्याकडे बरंच काही असंच ठरलेलं असतं, असं समजून मी गप्प होते. मराठीच्या शिक्षिकेला रेक्सममध्ये कोण कामाला ठेवणार, हे मात्र मी रोज सकाळी भांडी घासताना स्वतःला विचारायचे. तरीही मी सही करणार होते. त्या शनिवारी सकाळी साडेदहापर्यंत नक्की करणार होते. नवऱ्यासाठी.

ती

ऋजुता देवधर.

रिकामं झाकण त्याच्या हातात देईपर्यंत माझ्या मनात नाव ठरून गेलं होतं. रेक्समला दातांची डॉक्टर. वय माझ्याएवढंच. मँचेस्टरला एका हॉलमध्ये गणपती बसवला होता, तिथे भेटली होती. नऊवारी नेसून खाली डोंगर चढायचे बूट.

"अय्या, तू हेरंबची का?"

हेरंबची का. जसं काही आणखी कोणाकोणाची यादी तिच्याकडे होती.

"तो काय बाई, डोंगरातला माणूस! कितीदा म्हटलं, आमच्या ग्रुपबरोबर ये. येतच नाही. एकटा एकटा फिरतो."

त्या वेळी मी हसले होते. आता रानातून चढताना ते वाक्य मी उलटंपालटं करून पाहिलं. न विचारता कोणी असं सांगतं का? ग्रुपमध्ये येत नाही हे हिला इतकं ठासून सांगायची गरज काय? ग्रुपमध्ये येत नाही, कारण ग्रुपची गरज नाही. दोघं पुरतात.

तिचे दात. तिच्या पोटऱ्या. मोदक खाताना तिने हेरंबच्या ताटलीतला एक उचलला होता.

फेब्रुवारीतला तो रविवार मला स्वच्छ आठवत होता. सकाळी अंधारातच तो निघाला. "येतेस?" त्याने दारातून विचारलं. मी रजईतून म्हणाले, "तू जा." संध्याकाळी परत आला तेव्हा इतका खूश होता, की मी दडपे पोहे पुढ्यात ठेवले तरी पाचेक मिनिटं त्याच्या लक्षात आलं नाही. मला वाटलं होतं डोंगर माणसाला असं करतात.

"काय गं, गप्प गप्प?" हेरंबने पुढून विचारलं.

"दम लागलाय."

दम नव्हता लागला.

तुम्ही दोघं

रान संपलं तिथे गडग्याचा एक तुकडा कोसळला होता आणि एक म्हातारा शेतकरी दगड उचलून पुन्हा रचत होता. शेजारी कुत्रा. हेरंबने हात केला. म्हातारा कंबरेवर हात ठेवून सरळ झाला आणि इंग्रजीत, पण वेल्श हेल काढून म्हणाला,

"आवाजावरून ओळखलं मी तुम्हाला. हिवाळ्यात आला होतात."

"हो, फेब्रुवारीत," हेरंब म्हणाला.

"माणूस दिसायच्या आधी तुमचा आवाज येतो. मी वर मेंढ्या शोधत होतो. धुकं इतकं, की कुत्रासुद्धा दिसेना. आणि खालून तुम्ही दोघं बोलत चाललेले. चांगला अर्धा तास. घरी जाऊन बायकोला सांगितलं, असल्या गारठ्यात एक जोडपं गप्पा मारत डोंगर उतरतंय. ती म्हणाली, नवीन लग्न असणार."

हेरंब हसला. नुसते दात दाखवले.

म्हातारा माझ्याकडे वळला. "कुठली भाषा म्हणायची ती?"

"मराठी," मी म्हणाले.

"कानाला बरी वाटते. पण बाई, तुम्ही फार हळू बोलता. तुमचं मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. माझ्या बायकोबरोबर मी चालत असतो तर लोकांना फक्त तिचं ऐकू आलं असतं."

स्वतःच्या विनोदावर तो मनापासून हसला. मीही हसले. हसताना मी हेरंबचे कान पाहत होते. ते लाल झाले होते.

"निघू या," हेरंब म्हणाला. "ढग येतायत."

आभाळात एक ढग नव्हता.

दहा पावलं गेल्यावर मी म्हणाले, "चांगला होता म्हातारा."

"हं."

"दोघं म्हणाला."

"अगं, त्यांना आपण सगळे सारखेच दिसतो. कोणी दुसरं असेल."

"मराठी बोलणारं?"

"त्याला काय कळतंय मराठी का तमिळ. चल."

मी

वर खिंडीकडे जाणारी वाट म्हणजे सरळ पाखाडी होती. मोठमोठे चपटे दगड एकापुढे एक बसवलेले. रोमन लोकांच्या नावाने ओळखतात तिला.

"रोमन लोकांनी बांधलेली नाहीये ही," हेरंब म्हणाला. "खूप नंतरची आहे. घोड्यांवर लोकर लादून न्यायचे, त्यांच्यासाठी. मागे सांगितलं होतं ना…"

तो थांबला.

"कोणाला?"

"अं? वाचलं होतं. बोर्डावर."

मी पायऱ्या मोजायला लागले आणि सोडून दिल्या. मनात एकच चाललं होतं. खिंडीत पोचल्यावर विचारायचं. वाटेत नाही. वाटेत तो पुढे असतो, त्याचा चेहरा दिसत नाही.

एका ठिकाणी पाखाडी दगडाच्या उतरणीला चिकटून जात होती. डावीकडे खाली चाळीसेक फूट, मग खडकांची रास. हेरंब वळला, माझ्याकडे हात केला.

"ये. खाली बघू नकोस, तुला भीती वाटते ना."

"कसली?"

"उंचीची."

मी वाडीतल्या प्रत्येक आंब्यावर चढलेली मुलगी. बाबा खालून ओरडायचे आणि मी शेंड्याला बसून त्यांना कैऱ्या मारायचे. हे मी हेरंबला लग्न ठरलं त्याच दिवशी सांगितलं होतं, गच्चीवर, दुसरं काय बोलावं ते सुचेना म्हणून.

"मला नाही उंचीची भीती वाटत," मी म्हणाले.

"बरं बरं. हात दे."

मी दिला. कसा धरतो ते पाहायला दिला.

त्याने पंजा धरला नाही. मनगट धरलं, आतल्या बाजूला अंगठा दाबून, जिथे डॉक्टर नाडी बघतात तिथे. घाबरलेल्या माणसाला असं धरतात. घरी, बाजारात, विमानतळावरसुद्धा त्याने माझा हात असा कधी धरला नव्हता. पण त्याच्या हाताला सवय होती. न बघता, बरोब्बर तिथे गेला.

ती घाबरत असणार. घाबरल्याचं नाटक करत असणार, दाताची डॉक्टर. आणि हा प्रत्येक वेळी तिला अलगद पलीकडे नेत असणार.

माझं मनगट मला परकं वाटलं. मी ते सोडवून घेतलं आणि त्याच्या पुढे जाऊन चढायला लागले, दोन दोन दगड एका ढेंगेत टाकत.

"अगं हळू!" तो मागून ओरडला. "तू अशी नाही चढत!"

तो

खिंडीत वारा होता. दोन्ही बाजूंना काळे खडक आणि झुडपं, पुढे दुसरं खोरं उघडलेलं, लांबवर जंगल. एक रानबकरी कड्यावर उभी राहून आमच्याकडे बघत होती. हेरंब मागून आला, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला आणि श्वास बसल्यावर त्याने बोट दाखवलं.

"तो बघ. आपला दगड."

बसायला सपाट, पाठीला टेकायला उंच असा एक दगड. त्याच्यासमोर दुसरा, ठेंगणा. मी ठेंगण्यावर बसले.

"त्याच्यावर कोण बसलं होतं?"

"कशावर?"

"हेरंब, मला उगाच फिरवू नकोस. ऋजुता बसली होती?"

"कोण ऋजुता?"

"देवधर. दात काढते ती."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. असा हसला की त्याला शेजारच्या एका खडकावर बसावं लागलं. मला त्याच्या पाठीत दगड घालावासा वाटला.

"ऋजुता! अगं, ती डोंगरात बोलायला लागली तर मेंढ्या गाव सोडून जातील!"

"मग कोण? नाव सांग. मराठी आहे, एवढं मला कळलंय. तुला 'आपण' म्हणायची सवय झालीये तिच्याशी. तिला उंचीची भीती वाटते. ती हळू बोलते. हळू चढते. तिला तू लोकरीच्या घोड्यांचं सगळं सांगितलंस. आता नाव तेवढं सांग, म्हणजे मी सोमवारी काय करायचं ते मला ठरवता येईल."

त्याचं हसू गेलं.

"हसशील."

"मी हसणारी दिसतेय तुला?"

तो नखाने दगडावरचं शेवाळ खरवडत राहिला. मग वर न बघता म्हणाला,

"तू."

"काय मी?"

"तूच होतीस. मी तुझ्याशी बोलायचो."

तू

पहिल्या वर्षी, त्याने सांगितलं, शनिवार-रविवार त्याच्या तोंडून मराठीचा एक शब्द निघायचा नाही. मला फोन करायचा तर मी माजघरात, आजूबाजूला सासू, नणंद, कोणी ना कोणी. मी "हं", "हो", "जेवलास का" एवढंच बोलायचे. म्हणून तो फोन ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी डोंगरात जाऊन उरलेलं बोलायचा.

"मोठ्याने?"

"मोठ्यानेच. कोण ऐकतंय?"

"आणि मी काय करायचे?"

"उत्तरं द्यायचीस."

"माझी उत्तरं कोण बोलायचं?"

"मीच. पण मनात."

मला आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. मी उठून त्याचं डोकं माझ्या पोटाशी धरलं. त्याच्या केसांना घामाचा आणि ओल्या लोकरीच्या टोपीचा वास येत होता. "वेडा आहेस," मी म्हणाले, "ठार वेडा आहेस तू." ती दोन-तीन मिनिटं आमच्या लग्नातली सगळ्यात सुखाची होती. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना कोणाला मी कृतघ्न वाटायला नको.

मग माझ्या मनात फेब्रुवारी आला.

"पण मी तेव्हा आलेले होते," मी म्हणाले. त्याचं डोकं सोडलं. "ऑगस्टपासून मी इथे आहे, हेरंब. फेब्रुवारीत मी घरी होते."

"हो."

"तरी ती यायची?"

"ती काय म्हणतेस? तूच."

"मी घरी पोहे करत होते."

"तुला थंडी सोसत नाही. विचारलं तर तू म्हणतेस, तू जा."

"तिला सोसते?"

तो पुन्हा शेवाळ खरवडायला लागला.

मी पुन्हा त्या ठेंगण्या दगडावर जाऊन बसले.

"अर्धा तास काय बोलत होतास त्या दिवशी?"

"असंच."

"म्हातारा म्हणाला अर्धा तास."

"तुझ्या राजीनाम्याचं," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. त्यालाही ते तेव्हाच कळलं असावं.

"मला विचारलंस?"

"हो. इथेच. या खिंडीत."

"मी काय म्हटलं?"

"आधी नाही म्हणालीस."

"मग?"

"मग थोडी रडलीस."

"किती?"

"शलाका…"

"किती रडले मी?"

"थोडीशीच. मग मी तुला समजावलं. कॉलेजला दुसरं कोणीतरी मिळेल, पण आपली अडीच वर्षं गेली ती गेलीच, आणखी घालवायची का. उतरताना तू विचार करत होतीस. रानात आलो, चहा घेतला, आणि मग तू म्हणालीस, खरंय तुझं."

"खरंय तुझं?"

"हो."

"मी असं बोलते?"

"नाही," तो म्हणाला. "तू असं नाही बोलत."

ती

ऋजुता असती तर बरं झालं असतं. तिचे दात, तिच्या पोटऱ्या, सगळ्यांशी भांडता आलं असतं. मँचेस्टरला भर हॉलमध्ये तिची शोभा करता आली असती. हेरंबला तिच्यापासून तोडून आणता आलं असतं, किंवा तिला देऊन टाकता आलं असतं.

हिचं काय करायचं? हिला माझा चेहरा होता. माझा आवाज होता, पण हळू. ही बर्फात निघायची आणि रजईत लोळत नसे. कड्यापाशी आली की घाबरून मनगट पुढे करायची. त्याचे विनोद ऐकायची. त्याने समजावलं की हिला समजायचं. माझ्या लग्नातली पहिली अडीच वर्षं तिनेच काढली होती, आणि मी विमानातून उतरले त्या दिवशी ती गेली नव्हती, फक्त रविवारपुरती उरली होती. आणि तिने माझ्या नोकरीवर पाणी सोडलं होतं. दोन अश्रू ढाळून. चहा पिऊन.

हेरंबने फसवलं नव्हतं. त्याला खरंच आठवत होतं. "ठरलंय ना आपलं" म्हणताना तो एका अक्षरानेही खोटं बोलत नव्हता.

"आता मला विचार," मी म्हणाले.

"काय?"

"तेच. मी राजीनामा देऊ का?"

"अगं, आता…"

"विचार ना. तिला विचारलंस, मला विचारायला काय होतं?"

त्याने घसा खाकरला. "शलाका," तो म्हणाला, "तू राजीनामा देशील का?"

विचारताना तो माझ्याकडे बघत नव्हता. त्या सपाट दगडाकडे बघत होता. सवयीने. तिथे एक बाई बसलेली असावी तसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर.

मी उठले. वाऱ्याने ओढणी तोंडावर येत होती, ती कमरेला गच्च बांधली. चार पावलं चालत गेले आणि त्या दगडावर बसले. दगड थंडगार आणि ओला होता. पाठ टेकली. आता त्याच्या नजरेत मी होते.

"आता विचार."

"देशील का?"

"नाही."

त्याचं तोंड उघडलं. पुढचं वाक्य त्याच्याजवळ तयार होतं, हे मला दिसलं. कॉलेजला दुसरं कोणीतरी मिळेल, तिथून सुरू होणारं. पण ते रडणाऱ्या बाईसाठी केलेलं वाक्य होतं, आणि मी रडत नव्हते. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने तोंड मिटलं.

रानबकरी कड्यावरून निघून गेली. ती जाताना सुटलेले दोन-चार बारके दगड खाली येईपर्यंत आम्ही दोघंही ऐकत राहिलो.

"मग?" हेरंबने विचारलं.

दिवसभरात पहिल्यांदाच त्याने असं काहीतरी विचारलं होतं, ज्याचं उत्तर त्याला माहीत नव्हतं.

"मलाही माहीत नाही," मी म्हणाले.

मी आणि तो

पंधरा जूनला मी वर्गावर होते.

हेरंब आणखी दोन वर्षं तिकडे राहिला. आम्ही भांडून वेगळे झालो नव्हतो. वर्षातून एकदा तो यायचा, मे महिन्यात मी जायचे. दर रविवारी रात्री फोन यायचा. आता मी माजघरात बोलत नव्हते, फोन घेऊन अंगणात जायचे आणि हवं तेवढं, हवं ते बोलायचे.

"आज कुठे गेला होतास?" मी विचारायचे.

तो डोंगराचं नाव सांगायचा. कोणाबरोबर, हे मी विचारायचे नाही. तोच सांगायचा, "एकटाच गेलो होतो."

"हो का," मी म्हणायचे. "मग काय म्हणाली?"

पहिलं वर्षभर तो हसायचा.